लंकाबाईंचे एकशे अठ्ठेचाळीस

बुधवार, २ एप्रिल २०२५

१. रविवार, १६ मार्च रोजी सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळेत, दिंडोरीच्या पुढे सहा किलोमीटरवरच्या वाडीत, प्रौढ साक्षरता वर्गाची अंतिम परीक्षा झाली. जागा: ग्रामपंचायतीचं सभागृह.
२. हा वर्ग सहा महिने मी घेते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सहा ते साडेसात. खर्च आमच्या कंपनीचा, परीक्षा एका संस्थेची.
३. यादीत बावीस बायका. बावीस वेगवेगळी घरं.
४. शनिवार, १५ मार्चला मी ग्रामपंचायतीचे शिपाई धोंडीराम यांना फोन करून सांगितलं की उद्या अकरा वाजता घरटी एक बाई सभागृहात आली पाहिजे. त्यांनी तसं भोंग्यावरून सांगितलं.
५. त्याच दिवशी संस्थेचे समन्वयक अश्विन कंपनीच्या गेटवर आले. ओळखपत्रकावर माझी सही हवी होती. मजकूर: 'यादीतील बावीस परीक्षार्थींना मी ओळखते व त्याच आज हजर आहेत.' मी सही केली. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती.
६. परीक्षेच्या दिवशी मी वाडीत नव्हते. प्रयोगशाळेत ऑडिटची तयारी होती.
७. हजर बावीस. गैरहजर शून्य.
८. आज निकाल लागला, दाखलेही वाडीत पोहोचले. लंकाबाई, वय ५६, दीडशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस. संस्थेच्या सगळ्या केंद्रांत पहिल्या.
९. अभिनंदनाला फोन केला तेव्हा लंकाबाईंनी सांगितलं की १६ मार्चला त्या दिवसभर द्राक्षाच्या बागेत माल खुडत होत्या. हे सांगताना त्या हसत होत्या.

प्रयोगशाळेत काही बिघडलं की आम्ही पहिलं पान असंच लिहितो. काय घडलं ते, क्रमाने, मत न घालता. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत दाबमापकं तपासते. बॉयलरवर घड्याळासारखी जी तबकडी असते ती खरं बोलते का, हे बघायचं आणि दाखल्यासाठी तशी नोंद करायची. वय सत्तावीस. डायरी लिहायची सवय नाही. ही वही ऑडिटसाठी आणली होती. ऑडिटरनी सगळं संगणकावरच पाहिलं, म्हणून वही उरली.

वर्ग घ्यायला मी स्वतःहून गेले नव्हते, हेही नोंदवते. वार्षिक मूल्यमापनात समाजसेवेचा रकाना आहे. वृक्षारोपण, रक्तदान, प्रौढ शिक्षण यांतलं एक निवडायचं होतं. माझा फॉर्म पोहोचेपर्यंत झाडं संपली होती आणि माझं हिमोग्लोबिन नऊ आहे.

प्रश्न एकच. बाई बागेत होती, मग पेपर कुणी लिहिला?

गुरुवार, ३ एप्रिल

महेश सर आमच्याकडे मनुष्यबळ विभाग बघतात. समाजसेवाही त्यांच्याकडेच येते, कँटीनच्या खालोखाल. मी पोहोचायच्या आत त्यांनी फलकाचं चित्र करून घेतलं होतं. 'अंगठ्यापासून अव्वल क्रमांकापर्यंत'. खाली लंकाबाई, आणि त्यांच्या डोक्यामागे आमच्या कंपनीचं दाबमापक सूर्यासारखं उगवलेलं.

"वीस तारखेला रविवार आहे. नाशिकमध्ये मोठा हॉल घेतलाय," सर म्हणाले. "आजी स्टेजवर चार ओळी वाचतील. तू बाजूला उभी राहा. साडी नेस."

"सर, त्या आजी नाहीत. माझ्या आईपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आहेत."

"फलकावर आजी बरं दिसतं."

निकालात काहीतरी चूक असावी, मी तपासते आहे, असं मी सांगितलं.

"दीडशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस पडलेत. आता काय राहिलेले दोन मागायला जाणार आहेस का?"

मी बाहेर आले. दाबमापकाची सुई शून्यावर नव्हती, हे त्यांना सांगायचं राहिलं. चित्रात ती लाल, म्हणजे धोक्याच्या, पट्ट्यात होती.

शुक्रवार, ४ एप्रिल

बागांमध्ये हंगामानंतरची खरड छाटणी सुरू आहे. दिवसभर छाटलेल्या काड्या उचलून आलेल्या बायका सहाला सभागृहात बसल्या. उपस्थिती एकोणीस. मी विचारलं, सोळा तारखेला ज्यांनी स्वतः पेपर लिहिला त्यांनी हात वर करा.

अकरा हात वर राहिले. कुसाबाईंनीही केला होता, पण शेजारणीने त्यांच्याकडे पाहिलं तसा तो डोक्यावरचा पदर सारखा करायला गेला.

"माझ्याकडून भाची गेलती," कुसाबाई म्हणाल्या. "माझंच लुगडं नेसून गेलती, बाई. उगा खोटं नको."

सगळ्या हसल्या. मी नाही हसले.

"पण परीक्षा तुमची होती."

"परीक्षा आमची," लंकाबाई म्हणाल्या, "पन बोलावणं घराला व्हतं. धोंडीराम भोंग्यावर काय म्हनला? घरटी एक. ग्रामसभेला घरटी एक, सत्यनारायनाला घरटी एक, मयताला घरटी एक. तिथं कोन इचारतं का, तू सासू का सून? घर आलं का नाय एवढंच बघत्यात. अन् त्या दिवशी शेवटचा कंटेनर भरायचा व्हता. म्या पायलला म्हनलं, जाय, तीन तास बसून ये."

"मग तुमची परीक्षा?"

"ती तुमी घ्यालच की. तुमी आमच्या बाई."

त्यांना खरंच तसं वाटलं होतं. सहा महिने शिकवलं ते मी, तर विचारायचं तेही मीच, त्यांच्या-माझ्यात. भोंगा लावून, बाहेरचा माणूस आणून जे होतं ती गावाची हजेरी. आणि हजेरीला घरातलं रिकामं माणूस जातं.

धोंडीराम दारातच खुर्चीवर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुमी सांगितलं तेवढंच म्हनलो. पदरचा एक शब्द घातला नाय."

खरं आहे. वाक्य माझं. बावीस बायका, बावीस घरं, म्हणजे घरटी एक. गणित बरोबर होतं. बावीस नावं फोनवर वाचायला लागू नयेत म्हणून मी ते आटोपतं केलं. त्यांना दोष देणारा एक परिच्छेद मी काल मनात तयार ठेवला होता. तो आता कामाचा नाही.

एकेक नाव विचारत यादी पुरी केली. आज न आलेल्या तिघींपैकी दोघींनी स्वतः लिहिलं होतं. एकूण तेरा जणी खऱ्या, नऊ घराकडून.

निघताना पायल तिच्या सासूला, लंकाबाईंना, न्यायला आली. वय तेवीस, लग्नाला तीन वर्षं. तिने विचारलं, "मॅडम, पेपर तसा अवघड होता ना?"

"तिसरीच्या पातळीचा होता," मी म्हटलं.

ती दारापर्यंत जाऊन वळली. मग म्हणाली, "उत्तरपत्रिका परत मिळते का हो?"

"कशाला?"

"सहजच."

कारण कळलं नाही.

शनिवार, ५ एप्रिल

संस्थेत गेले. अश्विननी उत्तरपत्रिका काढून दिली. दोन्ही बाजूंना समास आखलेला, प्रश्नांचे क्रमांक चौकोनात, प्रत्येक उत्तराखाली पट्टीने रेघ. 'माझे गाव' या विषयावर पाच वाक्यं हवी होती. पायलने दीड पान लिहिलंय आणि शेवटी 'पुरवणी मिळाली नाही' अशी तक्रारही.

दोन गुण कुठे गेले ते सापडलं. पतीचं नाव लिहा. लंकाबाईंच्या पतीचं नाव सावळीराम. उत्तरात 'रोहित' आहे. रोहित लंकाबाईंचा मुलगा, म्हणजे पायलचा नवरा.

"हे तुमच्या लक्षात नाही आलं?" मी अश्विनना विचारलं.

"आलं की. म्हणून तर दोन कापले."

"बाईने नवऱ्याच्या जागी मुलाचं नाव लिहिलं, याचं काहीच वाटलं नाही?"

"मॅडम, परीक्षेत माणूस घाबरतं. एका केंद्रावर एकीने आमदाराचं लिहिलंय." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, बदलत्या समाजात साक्षरतेचा अर्थ आपण जरा व्यापक घ्यायला पाहिजे. त्या घरात साक्षर माणूस आहे की नाही? आहे. मग घर साक्षर झालं."

वाडीतल्या बायकांनी हेच मला काल सांगितलं, आणि ते ऐकायला बरं वाटलं होतं. अश्विननी सांगितल्यावर वाटलं नाही. फरक काय ते शोधते आहे. बायकांनी कुठे सही केली नव्हती, एवढाच सापडला. सही माझी आहे, तारखेच्या रकान्यात सोळा मार्च आहे आणि तो आकडा माझ्या अक्षरात आहे.

एखाद्या कनिष्ठाने मापक न बघता तपासणीच्या नोंदीवर सही केली असती तर मी त्याला त्याच दिवशी टेबलावरून उठवलं असतं. मागच्या वर्षी एकाला उठवलं. तो रडला होता. मी त्याला कार्यपद्धतीचं पान काढून दिलं होतं.

सोमवार, ७ एप्रिल

संस्थेच्या नियमाप्रमाणे आठवड्यातून चाळीस मिनिटं नीतिमूल्यांना द्यायची असतात. आजचा पाठ 'प्रामाणिकपणा'. चित्रात पँट घातलेला माणूस दुसऱ्या पँट घातलेल्या माणसाला त्याचं सापडलेलं पाकीट परत देतोय. दोघंही हसतायत. खाली चार प्रश्न.

"ह्यात बाया कुठं हायेत?" कुसाबाईंनी विचारलं.

"नाहीत."

"मंग आपल्याला लागू नाय. पुढचा पाठ घ्या."

मी पुस्तक मिटलं आणि जे आहे ते सांगितलं. नऊ दाखले खोटे आहेत. मी न बघता सही केली म्हणून ते निघाले. मी हे संस्थेला लेखी कळवणार आहे. त्यानंतर ते दाखले बहुधा रद्द होतील.

कुसाबाईंचा चेहरा बदलला.

"माझा पोरीकडं गेला बी," त्या म्हणाल्या. "जावयानं भर मांडवात मला अंगठेबहाद्दर म्हनलं व्हतं. चौदा वर्सं झाली. आता त्याच्याच घरात भिंतीवर लावलाय पोरीनं. तो काय काढून आनू का? तुमची सही चुकली तर तुमी दुसरी करा. आमचं कशाला उपटता?"

मी मिटलेलं पुस्तक परत उघडलं. 'प्रामाणिकपणा' पाठाच्या शिक्षक-सूचनांत या मुद्द्यावर काही नाही.

लंकाबाईंचं प्रकरण वेगळंच आहे. ज्या शेडमध्ये द्राक्षं पेट्यांत भरतात तिथल्या सुपरवायझरने, रवी नावाचा आहे, फलकाचं चित्र मोबाइलवर बघून त्यांना निरोप पाठवला. पुढच्या हंगामात टेबलाशी बसून क्रेटची नोंद लिहायची. कोणत्या बागेचा माल, किती क्रेट, किती वजन. दाखला घेऊन या, म्हणाला. लंकाबाईंचे बावीस हंगाम उभ्याने गेलेत. ही सावलीतली खुर्ची आहे.

"मंग घे की," कुसाबाई म्हणाल्या. "तुला तर सगळ्यांत जास्ती पडलेत."

"घेईन गं. पन मला लिवता येतं का नाय ते मलाच ठावं नाय. खुर्चीवर बसले अन् ह्या बागेचा माल त्या बागेवर लिवला, तर काय पायल येनारे का शेडात, घरटी एक म्हनून?" त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी घड्याळं तपासता ना, खरी-खोटी? मला तपासा."

"निकाल काहीही आला तरी मी आहे तोच सांगेन."

"मंग काय लाडू वाटायला सांगितलं का तुमाला?"

बुधवार, ९ एप्रिल

अर्धा दिवस रजा. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं. बरोबर आहे की नाही ठरवता आलं नाही.

दुपारी दोन ते पाच, लंकाबाईंच्या पडवीत परीक्षा घेतली. त्यांनीही काड्या उचलायच्या कामावर खाडा केला. पेपर मी नवा काढला, पातळी तीच, गुणांची विभागणी तीच: वाचन पन्नास, लेखन पन्नास, गणित पन्नास. प्रत्येकात सतरा मिळाले तर पास.

सुरू करण्याआधी त्यांना आमची पद्धत सांगितली. मापक आलं की आधी हात न लावता तपासायचं. जसं आलं तसं. आकडा लिहून ठेवायचा, मगच दुरुस्ती करायची. आधीच दुरुस्त केलं तर ते किती चुकत होतं हे कधीच कळत नाही.

"म्हंजे आज मला मदत करनार नाय, एवढंच ना? मंग आसं सांगा की."

गणित त्यांनी भराभर सोडवलं, बोटांची पेरं मोजत. वाचनात उतारा मोठ्याने वाचला. 'परिसर' या शब्दापाशी थांबल्या, मागे गेल्या, धावत येऊन तो पार केला. लेखन मात्र जड. पेन इतकं दाबून धरतात की अक्षर मागच्या पानावर उमटतं. एक वेलांटी दोनदा गिरवली आणि कागद फाटला.

पायल पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि परत गेली नाही. मी प्रश्नपत्रिका माझ्याकडे तोंड करून धरली होती. ती समोरून, उलट्या बाजूने, ओठ हलवत उतारा वाचत होती. मी पान उलटायच्या आत तिचा वाचून झाला होता. मी तिला आत जायला सांगितलं. आतून भांडी एकावर एक ठेवल्याचा आवाज आला, गरजेपेक्षा मोठा.

गुण: वाचन ३८. गणित ४४. लेखन १४.

तीनदा तपासले. 'माझे गाव', पाच वाक्यं हवी होती. लंकाबाईंनी दोन लिहिली. 'आमच्या गावात रस्ता आहे. तो निवडणुकीत येतो.' वाक्यं दोनच, म्हणून दहापैकी चार. या दुसऱ्या वाक्याला आणखी तीन द्यावेत असं वाटलं. तीनच हवे होते. गुणांच्या तक्त्यात विनोदाला रकाना नाही. मी पेन बाजूला ठेवून पाणी प्यायले, मग चौदा लिहिलं.

"चौदा म्हंजे?"

"लेखनात नापास. तीनने."

त्या माझ्या हातातला कागद घेऊन आकडे बघत बसल्या. मी पेनाला टोपण लावलं.

"पायलला गनितात किती व्हते?"

"पन्नास."

"तिला पडतीलच. बारावीला एक्क्याऐंशी टक्के हायेत तिला. फीचा फॉर्म बी भरलावता कालेजाचा, मंग लगीन ठरलं." त्यांनी कागदाची घडी घातली. "अन् मला चव्वेचाळीस. शाळेची पायरी न चढता. ते बी माझेच ना?"

"तुमचेच."

"आनखी तीनला किती दिवस लागतील?"

"रोज एक पान लिहिलं तर दीड महिना."

"मंग जूनमधी घ्या," त्या म्हणाल्या आणि घडी कनवटीला खोचली.

घरी येताना म्हसरूळच्या सिग्नलला मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा कळलं की हिरवा लागून गेला होता. असं माझं होत नाही.

गुरुवार, १० एप्रिल

महेश सरांना सगळं सांगितलं. घरटी एक, नऊ जणी, ओळखपत्रक, लेखनातले चौदा. त्यांनी दार लावून घेतलं.

"एवढंच ना? मग बाईंना शिकव. दोन महिन्यांत येईल ना लिहायला? तोपर्यंत दाखला आपोआप खरा होईल. सगळीकडे असंच असतं, आधी कागद निघतो, माणूस मागून येतं."

"आमच्याकडे उलटं असतं, सर."

"तुमच्याकडे मशीन असतात." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हर्षाली, प्रयोगशाळेच्या दाखल्यांवर सही करायचा अधिकार तुला द्यायची फाइल या महिन्यात पुढे जायची आहे. सध्या माझ्या टेबलावर आहे. अशा वेळी मी कुणाला सल्ला दिला असता की..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी पुरं व्हायची वाट बघितली.

मग म्हटलं, "सर, त्या फाइलमध्ये हेही लावा. मी कोऱ्या हजेरीवर आदल्या दिवशी सही केली होती. सहीचा अधिकार देताना ते बघायला हवं."

"तू स्वतःविरुद्धच का बोलतेयस?"

"मी बोलत नाहीये. कागद जोडतेय."

नंतर दुपारी कँटीनमध्ये त्यांनी मला टाळलं. कार्यक्रमाचा हॉल रद्द झालेला नाही. फलक छापायला गेला.

अधिकार मिळाला नाही तर आणखी किमान दोन वर्षं मी तपासायचं आणि सही दुसऱ्याने करायची. हे लिहिताना हात स्थिर आहे. नाडी मोजली, शंभर.

शुक्रवार, ११ एप्रिल

फुले जयंती. सभागृहात फोटोला हार घातलेला होता आणि खाली सकाळच्या पेढ्यांचा रिकामा खोका. वर्ग भरला. उपस्थिती बावीस. इतकी कधीच नव्हती. धोंडीरामांनी यावेळी बावीस नावं घेऊन सांगितलं होतं, नवऱ्याच्या नावासकट. कुणाचं नाव आधी घेतलं यावरून दोघी भांडल्याही.

मी माझं पत्र वाचून दाखवलं. पहिल्या पानावरच्या नोंदी, त्यात कलम ४ आणि ५ माझी चूक म्हणून, आणि नऊ नावं. मग सांगितलं, ज्यांना स्वतःचं काही म्हणायचं असेल त्यांनी वेगळं लिहावं.

लंकाबाई आधीच कागद घेऊन बसल्या होत्या.

"तुम्ही सांगा, मी टाइप करून आणते," मी म्हटलं.

"म्हंजे परत दुसऱ्यानंच लिवलं ना?"

एक तास दहा मिनिटं लागली. कागद चार गेले. कुसाबाई सुरुवातीला पाठ करून बसल्या होत्या, मग 'नापास'चा काना कुठे द्यायचा यावर मागे वळून भांडल्या. त्यांचंच बरोबर होतं. माझ्या पत्रात स्वतःच्या नावापुढे सही मात्र त्यांनी केली नाही. दाखला पोरीच्या भिंतीवर आहे, तो तिथेच राहणार, म्हणाल्या. कुणी काढायला आलं तर जावयाशी बोलावं. नऊपैकी पाच जणींनी सही केली. तिघी विचार करतायत. आकडा आहे तो हा.

लंकाबाईंच्या पत्रातलं एक वाक्य मी काढायला सांगितलं. ते होण्यासारखं नाही, असं समजावलं. बारावी झालेल्या मुलीला साक्षरतेचे गुण देता येत नाहीत, तसा नियम नाही, अशी नोंदवही नाही.

"तुमी नियमाचं नंतर बघा," लंकाबाई म्हणाल्या. "तिनं लिवलंय का नाय? समास आखून लिवलंय. तीन वर्सांत घरात तिला कोनी शाब्बास म्हनलं नाय. मी बी नाय. राहू द्या ते वाक्य."

पायल तेव्हा दारातच उभी होती, न्यायला आली होती. ती चप्पल शोधायला म्हणून अंधाऱ्या बाजूला गेली. चप्पल तिच्या पायातच होती. ती उत्तरपत्रिका तिला कशाला हवी होती, ते माझ्या आठ दिवसांनी लक्षात आलं. आणि मी तिला तिसरीची पातळी सांगितली होती.

वाक्य ठेवलं. उद्या सकाळी दोन्ही पत्रं संस्थेत स्वतः नेऊन देणार, पोच घेणार. लंकाबाईंच्या पत्राची नक्कल इथे उतरवते. एकही अक्षर बदललेलं नाही.

मा. समन्वयक साहेब,

मी लंकाबाई सावळीराम. सोळा मार्चला मी पेपर लिहिला नाही. मी द्राक्ष खुडत होते. पेपर माझ्या सुनेने लिहिला. तिला मी पाठवले. तिची चूक नाही.

बाईंनी माझी परीक्षा घेतली. वाचन ३८. गणित ४४. लेखन १४. मी लेखनात नापास आहे. हे माझे मार्क आहेत.

एकशे अठ्ठेचाळीस माझ्या सुनेचे आहेत. तिचे नाव पायल रोहित. ते तिच्या नावावर लिहा. वीस तारखेला बोलवायचे तर तिला बोलवा. फलकावरून माझा फोटो उतरवा.

जूनमध्ये माझी परीक्षा परत घ्या. मी येईन. मीच येईन.

फोन करू नका. कागद पाठवा. मी वाचीन. गुरुवार १७ एप्रिलपर्यंत उत्तर द्यावे.